कोकणातल्या गरम पाण्याच्या कुंडांपासून वीज का तयार होत नाही?

वज्रेश्वरी, गणेशपुरी, अकलोली, पालीजवळचं उन्हेरे, महाडजवळचं सव, रत्नागिरी जिल्ह्यातलं उन्हवरे, संगमेश्वरजवळचं तुरळ आणि राजापूरजवळचं उन्हाळे. पालघरपासून राजापूरपर्यंत साधारण साडेतीनशे किलोमीटरच्या पट्ट्यात गरम पाण्याचे असे अनेक झरे आहेत. यातल्या काही गावांच्या नावातच 'ऊन पाणी' दडलेलं आहे. उन्हवऱ्याचं पाणी तर जवळपास ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेलं असतं. त्यात हात घालायचीही सोय नाही.

मग साहजिकच प्रश्न पडतो. जमीन फुकटात, चोवीस तास, बारा महिने गरम पाणी देत असेल, तर त्यापासून वीज का बनवत नाहीत? केंद्र सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये राष्ट्रीय भूऔष्णिक ऊर्जा धोरण जाहीर केल्यापासून हा प्रश्न पुन्हा चर्चेत आला आहे. देशात १०,६०० मेगावॅट भूऔष्णिक वीज तयार होऊ शकते, असा अंदाज वारंवार दिला जातो. म्हणजे साधारण पाच कोयना प्रकल्पांएवढी वीज.

पण 'गरम पाणी आहे' आणि 'वीज होऊ शकते' या दोन वाक्यांमध्ये बरंच अंतर आहे. ते समजून घ्यायचं तर आधी हे पाणी गरम कसं होतं ते पाहावं लागेल.

पाणी गरम कशामुळे होतं? गंधकामुळे?

'जमिनीत गंधक आहे म्हणून पाणी गरम आहे', हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी कुंडावर गेल्यावर ऐकलेलं असतं. काही झऱ्यांना गंधकाचा वास येतो हे खरं. तो हायड्रोजन सल्फाइड या वायूचा वास असतो. पण गंधक पाणी तापवत नाही. उलट, गरम पाणी खडकांतून वर येताना असे वायू आणि क्षार सोबत घेऊन येतं.

पाणी तापतं ते पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेमुळे. जमिनीत जसजसं खोल जावं तसतसं तापमान वाढत जातं. सर्वसाधारण ठिकाणी ही वाढ एका किलोमीटरला २५ ते ३० अंश असते. पृथ्वी तयार झाली तेव्हाची शिल्लक उष्णता आणि खडकांमधल्या युरेनियम, थोरियम, पोटॅशियम यांच्या किरणोत्सर्गातून सतत तयार होणारी उष्णता, हे तिचे दोन मुख्य स्रोत आहेत.

आता असं समजा की पावसाचं पाणी जमिनीत मुरलं आणि खडकातल्या एखाद्या खोल भेगेत शिरलं. ते दोन-तीन किलोमीटर खाली गेलं, आजूबाजूच्या खडकाने त्याला तापवलं. तापलेलं पाणी हलकं होतं. मागून उंचावरून मुरणाऱ्या थंड पाण्याचा दाब असतोच. त्यामुळे ते दुसऱ्या एखाद्या भेगेतून पुन्हा वर येतं. वर यायला जितका कमी वेळ लागेल, तितकं ते कमी निवतं. या सगळ्या फेरीला शेकडो, कधी हजारो वर्षंही लागू शकतात.

यालाच भूगर्भशास्त्रज्ञ 'खोल अभिसरण' प्रणाली म्हणतात. कोकणातले झरे याच प्रकारचे आहेत. त्यांच्या पाण्यातल्या ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या जड-हलक्या अणूंचं प्रमाण तपासलं, तेव्हा ते पावसाच्या पाण्याशी जुळलं. म्हणजे कुंडातलं पाणी हे कधीकाळी पडलेलं पावसाचंच पाणी आहे. समुद्राजवळच्या काही झऱ्यांत खाऱ्या पाण्याचीही थोडी भर पडलेली दिसते.

पण महाराष्ट्र तर ज्वालामुखीच्या लाव्हापासून बनलाय ना?

हो. पण तो लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण तेव्हा वितळलेला होता, म्हणून आजही त्याच्या पोटात धग असेल, असं नाही. इतक्या काळात ती उष्णता कधीच निघून गेली.

शिवाय लाव्हाचा हा थर सगळीकडे वाटतो तितका जाडही नाही. कोयनेतल्या भूकंपांचा अभ्यास करण्यासाठी केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने कोयना परिसरात ३ किलोमीटर खोल विहीर खोदली. त्यात सुमारे सव्वा किलोमीटरपर्यंत बेसॉल्ट लागला आणि त्याखाली ग्रॅनाइटसारखा जुना खडक सुरू झाला. कोकणातलं गरम पाणीही बेसॉल्टखालच्या अशाच जुन्या खडकापर्यंत जाऊन येत असावं, असं त्यातल्या क्षारांवरून संशोधक मानतात.

हा फरक महत्त्वाचा आहे. आइसलँड, इंडोनेशिया, फिलिपिन्स, केनिया इथे भूऔष्णिक वीज मोठ्या प्रमाणावर तयार होते. तिथे तप्त शिलारस जमिनीखाली तुलनेने जवळ आहे. काही ठिकाणी एक-दोन किलोमीटरवरच २५०-३०० अंशांचं पाणी किंवा वाफ मिळते. खोल अभिसरणात अशी भट्टी नसते. तिथे उष्णता हवी तर खोल जावंच लागतं.

साधा हिशोब करू. कोकणात जमिनीवरचं सरासरी तापमान २८ अंश धरलं आणि दर किलोमीटरला २५ ते ३० अंश वाढ धरली, तर ७० अंशांच्या पाण्याला किमान दीड किलोमीटर खाली जाऊन यावं लागतं. १२० अंशांचं पाणी हवं असेल तर तीन किलोमीटरहून जास्त.

जमिनीखालचं तापमान खोदल्याशिवाय कसं कळतं?

यासाठी पाण्याचं रसायनशास्त्र उपयोगी पडतं. गारगोटीसारख्या खडकातली सिलिका गरम पाण्यात जास्त विरघळते, थंड पाण्यात कमी. पाणी भराभर वर आलं तर ही विरघळलेली सिलिका लगेच बाहेर पडत नाही. म्हणून कुंडातल्या पाण्यात सिलिका किती आहे हे मोजलं की खाली पाणी किती तापलं होतं याचा अंदाज येतो. सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम यांच्या प्रमाणावरूनही असेच अंदाज काढतात.

कोकणातल्या झऱ्यांसाठी अशा पद्धतींनी काढलेले आकडे साधारण १०० ते १५० अंशांच्या दरम्यान येतात. वीजनिर्मितीच्या चर्चेचा सगळा पाया हा आकडा आहे. पण तो अंदाज आहे. वाटेत थंड भूजल किंवा समुद्राचं पाणी मिसळलं असेल, तर तो बराच चुकू शकतो. खात्री करायची तर खोल विहीर खोदून तापमान मोजण्याला पर्याय नाही.

गरम पाण्यापासून वीज बनते कशी?

पाणी १८० अंशांच्या वर असेल तर काम तुलनेने सोपं असतं. जमिनीखालच्या दाबामुळे ते पाणी उकळलेलं नसतं, अगदी प्रेशर कुकरसारखं. वर आणून दाब कमी केला की त्यातल्या काही भागाची वाफ होते आणि ती थेट टर्बाइन फिरवते. इटलीतल्या लार्देरेल्लो इथे १९०४ मध्ये जमिनीतून येणाऱ्या वाफेवर पाच दिवे पेटवले गेले आणि १९१३ मध्ये तिथे २५० किलोवॅटचं पहिलं व्यावसायिक केंद्र सुरू झालं.

पाणी त्याहून थंड असेल तर 'बायनरी' पद्धत वापरतात. यात गरम पाणी टर्बाइनपर्यंत जातच नाही. ते एका उष्णता-विनिमयकातून फिरतं आणि कमी तापमानाला उकळणाऱ्या दुसऱ्या द्रवाला आपली उष्णता देतं. त्या द्रवाची वाफ टर्बाइन फिरवते, मग ती थंड करून पुन्हा द्रव केली जाते. निवलेलं भूजल दुसऱ्या विहिरीतून परत जमिनीत सोडतात. आपल्या घरातला फ्रिज वीज खाऊन उष्णता हलवतो, इथे उष्णता हलताना वीज मिळते.

मग ७० अंशांच्या पाण्यातून किती वीज मिळेल?

इथे भौतिकशास्त्राचा एक नियम आडवा येतो. उष्णतेपासून वीज बनवताना फक्त 'किती गरम' हे महत्त्वाचं नसतं, 'किती गरम आणि किती थंड यातला फरक' महत्त्वाचा असतो.

समजा, सेकंदाला १० लिटर पाणी ७० अंशांवर मिळतंय आणि आपण ते ५० अंशांपर्यंत थंड केलं. त्यातून सुमारे ८४० किलोवॅट उष्णता मिळते. आकडा मोठा वाटतो. पण कोकणात थंड करायला उपलब्ध असलेलं पाणी किंवा हवा ३० अंशांच्या आसपास असते. ७० आणि ३० मधल्या फरकावर चालणारं अगदी आदर्श यंत्रही उष्णतेचा फक्त १२ टक्के भाग विजेत बदलू शकतं. प्रत्यक्षातल्या यंत्राने ५ टक्के दिले तरी पुष्कळ. म्हणजे हातात आले ४२ किलोवॅट. पाच अश्वशक्तीचे दहा-अकरा पंप चालतील एवढी वीज. यातून केंद्राचे स्वतःचे पंप चालवायला लागणारी वीज वजा करायची आहेच.

याच्याहून थोड्याच गरम पाण्यावर चालणारं एक केंद्र जगात प्रसिद्ध आहे. अमेरिकेतल्या अलास्कामध्ये चेना हॉट स्प्रिंग्ज इथे २००६ पासून ७४ अंशांच्या पाण्यावर वीज तयार होते. पहिलं यंत्र २०० किलोवॅटचं होतं. पण तिथे थंड करायला ४ अंशांच्या आसपासचं पाणी मिळतं आणि हिवाळ्यातली हवा शून्याच्या कितीतरी खाली असते. त्यामुळे आदर्श यंत्राची मर्यादा १२ वरून २० टक्क्यांवर जाते. शिवाय त्या जागी वीजवाहिनी पोहोचलेली नव्हती, आधी महागड्या डिझेलवर जनरेटर चालत होते. तिथे २०० किलोवॅट ही मोठी गोष्ट होती. तुरळचा झरा मुंबई-गोवा महामार्गाला लागून आहे आणि महावितरणची लाइन गावात आहे. इथे तोच हिशोब जमत नाही.

आता दुसरी शक्यता पाहू. खोल विहीर खोदली, खरोखर १२० अंशांचं पाणी लागलं आणि ते सेकंदाला ५० लिटर या वेगाने मिळत राहिलं. ते ७० अंशांपर्यंत थंड केलं तर १० टक्के कार्यक्षमतेने सुमारे १ मेगावॅट वीज मिळेल. ही चांगली वीज आहे, कारण ती रात्रीही मिळते आणि पावसाळ्यातही. पण सेकंदाला ५० लिटर म्हणजे दर सव्वातीन मिनिटांनी दहा हजार लिटरचा एक टँकर भरेल एवढं पाणी. तेही वर्षानुवर्षं. कोकणातल्या झऱ्यांचा नैसर्गिक प्रवाह सेकंदाला काही लिटर एवढाच असतो. एवढं पाणी खालच्या भेगांमधून येऊ शकेल का, हा कळीचा प्रश्न आहे.

मग ज्वालामुखी नसताना कुठे जमलंय?

जमलंय, आणि चांगलं जमलंय. सर्वात ठळक उदाहरण तुर्कस्तानचं. देशाच्या पश्चिमेला ब्युयुक मेंदेरेस नदीचं खोरं आहे. तिथे पृथ्वीचं कवच ताणलं जातंय. ताणामुळे कवच पातळ होतं, खालची उष्णता वर सरकते आणि मोठमोठ्या भेगा उघड्या राहतात. पाणी त्यातून खोल जाऊन २०० अंशांपर्यंत तापतं. तिथल्या किझिलदेरे इथे १९८४ मध्ये सुमारे २० मेगावॅटचं केंद्र सुरू झालं. २००७ मध्ये तुर्कस्तानने भूऔष्णिक कायदा केला, पुढे विजेला हमीभाव दिला. आज देशाची क्षमता १,६०० मेगावॅटच्या पुढे आहे.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या नेवाडा राज्याचं. तिथेही कवच ताणलेलं आहे. तिथल्या डिक्सी व्हॅलीत साधारण तीन किलोमीटर खोलीवर २५० अंशांच्या आसपासचं पाणी मिळतं आणि १९८८ पासून सुमारे ६० मेगावॅटचं केंद्र चालू आहे.

दोन्ही ठिकाणी पायाखाली शिलारसाची भट्टी नाही. पण कवच आजही ताणलं जातंय, त्यामुळे खोलीनुसार तापमान भराभर वाढतं आणि भेगा बुजत नाहीत. कोकणाचा किनाराही कधीकाळी ताणातून घडला, पण ते कोट्यवधी वर्षांपूर्वी. म्हणून तुर्कस्तानचा आकडा दाखवून कोकणाबद्दल स्वप्नं रंगवणं योग्य नाही.

भारतात आतापर्यंत काय झालं?

गेल्या काही दशकांत झालं ते थोडक्यात सांगता येईल इतकंच आहे. हिमाचलमधल्या मणिकरणला ५ किलोवॅटचं प्रायोगिक केंद्र उभारलं होतं, ते पुढे दरड कोसळल्यामुळे बंद पडलं. तेलंगणात मणुगुरूजवळ, गोदावरीच्या खोऱ्यात, कोळसा शोधताना मारलेल्या बोअरमधून गरम पाणी येत होतं. सिंगरेनी कोलियरीज या सरकारी कंपनीने तिथे २० किलोवॅटचं बायनरी केंद्र उभारलं. तिथेही ज्वालामुखी नाही, खोऱ्यातल्या भेगाच पाणी तापवून वर आणतात. त्यामुळे कोकणासाठी मणुगुरू हे जवळचं उदाहरण आहे.

सर्वाधिक आशा लडाखच्या पुगा खोऱ्याकडून आहे. समुद्रसपाटीपासून ४,४०० मीटर उंचीवरच्या या खोऱ्यात काहीशे मीटर खोलीवरच १०० अंशांहून जास्त तापमान मिळालं आहे. दोन भूखंडांच्या टकरीमुळे तिथे उष्णता बरीच वर आलेली आहे. २०२१ मध्ये ओएनजीसीने लडाख प्रशासनासोबत तिथे १ मेगावॅटच्या प्रायोगिक प्रकल्पाचा करार केला. पण २०२२ मध्ये खोदकामाच्या वेळी विहिरीतला द्रव बाहेर येऊन पुगा नाल्यात मिसळला आणि काम थांबवावं लागलं.

झराच आटला तर?

कोकणासाठी खरी भीती ही आहे. खोल अभिसरणात झरा आणि विहीर वेगळ्या नसतात. दोघांना एकाच भेगेतून पाणी येतं. विहिरीने ते खालीच उपसलं, तर वरचा झरा मंदावू शकतो किंवा बंदही पडू शकतो.

हे घडलेलं आहे. नेवाडातल्या बिओवावे इथे गरम पाण्याची उंच कारंजी होती. विसाव्या शतकाच्या मध्यात तिथे शोधविहिरी खोदल्या आणि नंतर वीजकेंद्र सुरू झालं. आज तिथे ती कारंजी नाहीत. त्याच राज्यातल्या डिक्सी मेडोज इथल्या प्रस्तावित प्रकल्पाला पायूट-शोशोनी या आदिवासी जमातीने न्यायालयात आव्हान दिलं, कारण तिथले झरे त्यांच्यासाठी पवित्र आहेत. त्याच पाणथळीत राहणाऱ्या एका भेकाच्या प्रजातीला २०२२ मध्ये तातडीने संकटग्रस्त घोषित करावं लागलं.

तुर्कस्तानातही सगळं आलबेल नाही. मेंदेरेस खोऱ्यातल्या खडकात चुनखडी आणि संगमरवर असल्याने गरम पाण्यासोबत बराच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. आयदन भागातल्या अंजीर उत्पादकांनी बागांच्या नुकसानीचा मुद्दा मांडत या केंद्रांविरोधात आंदोलनं केली. थोडक्यात, भूऔष्णिक वीज कोळशापेक्षा पुष्कळ स्वच्छ असली, तरी तिची किंमत कुणीतरी मोजतंच.

आता हे चित्र वज्रेश्वरी-गणेशपुरीवर ठेवून पाहा. तानसा नदीकाठच्या या कुंडांवर देवस्थान, लॉज, हॉटेलं, रिक्षा, हार-फुलांची दुकानं असं सगळं अर्थकारण उभं आहे. एक मेगावॅटसाठी ही कुंडं पणाला लावायची का, हा प्रश्न तिथल्या लोकांना विचारूनच सोडवावा लागेल.

मग कोकणाने या उष्णतेचं करायचं काय?

वरच्या हिशोबाकडे पुन्हा एकदा पाहा. ८४० किलोवॅट उष्णतेतून वीज बनवायला गेलो तर ४२ किलोवॅट हाती लागतात. पण तीच उष्णता उष्णता म्हणूनच वापरली तर बहुतेक सगळी कामी येते. आणि कोकणाला उष्णता हवीच असते. काजू आणि कोकम वाळवायला, आंबा-फणसाच्या फोडी सुकवायला, मासळी वाळवायला. पावसाळ्यात ऊन नसतं तेव्हा तर हमखास. ५० ते ७० अंशांचं पाणी या कामांना पुरतं. पाणी थोडं जास्त गरम मिळालं, तर शीतगृहही चालवता येतं. अलास्कातल्या चेनामध्ये याच गरम पाण्यावर चालणाऱ्या शीतयंत्राने बर्फाचं संग्रहालय उन्हाळाभर गोठलेलं ठेवलं जातं.

नव्या राष्ट्रीय धोरणातही विजेसोबत अशा थेट वापराला स्थान दिलेलं आहे. सरकारी घोषणांमध्ये मेगावॅटचा आकडा उठून दिसतो, वाळवणाचा नाही. पण एखाद्या गावातल्या महिला बचत गटाला जुलै महिन्यात चालणारं वाळवणयंत्र मिळालं, तर त्याचा फायदा त्याच गावात राहतो. त्यासाठी तीन किलोमीटरची विहीरही लागत नाही. झऱ्यातून वाहून जाणारं पाणी नळीतून फिरवून परत कुंडाच्या ओढ्यात सोडता येतं.

याचा अर्थ कोकणात वीज होणारच नाही असा नाही. एखाद-दुसऱ्या ठिकाणी खोल विहीर खोदून खरं तापमान आणि खरा प्रवाह मोजायला हवा. त्याशिवाय १०० की १५० हा वाद कागदावरच राहील. नेवाडामध्ये २०२३ मध्ये एका प्रकल्पाने गरम खडकात कृत्रिम भेगा पाडून सुमारे साडेतीन मेगावॅट मिळवून दाखवले. निसर्गाने भेगा दिल्या नाहीत तिथेही पाणी फिरवता येईल, अशी आशा त्यामुळे वाढली आहे. पण खडकात दाबाने पाणी सोडल्याने छोटे भूकंप होऊ शकतात आणि कोयनेच्या इतक्या जवळ असा प्रयोग करण्याआधी शंभरदा विचार करावा लागेल.

म्हणून उद्या तुमच्या तालुक्यात 'गरम झऱ्यापासून वीज' अशी घोषणा झाली, तर चार प्रश्न जरूर विचारा. खालचं तापमान मोजलंय की नुसता अंदाज आहे? पाणी सेकंदाला किती लिटर आणि किती वर्षं मिळणार? वापरलेलं पाणी परत जमिनीत जाणार का? आणि कुंडाचं पाणी कमी झालं, तर काम थांबवण्याचा अधिकार कुणाकडे असणार? यासाठी प्रकल्प सुरू होण्याआधी निदान एक वर्षभर, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात, कुंडाचं तापमान आणि प्रवाह मोजून लिहून ठेवायला हवा. त्यासाठी लागतो एक थर्मामीटर, एक बादली आणि एक घड्याळ. हे काम कोकणातली एखादी ग्रामपंचायत किंवा शाळा उद्यापासूनही सुरू करू शकते.